टपालाने आलेली सही

निवृत्त बेसबॉलपटूला पत्र लिहायचे, सोबत त्याचे एखादे कार्ड आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेले पाकीट ठेवायचे, आणि वाट बघायची. अमेरिकेतला हा जुना छंद वरवर पोरखेळ वाटतो. तो तसा असेलही. पण या सह्यांमागे खेळाडूंच्या कमाईचा इतिहास दडलेला आहे, आणि त्यासाठीच वाचकाला या प्रांतात बोलावतो आहे.

1968 साली खेळाडूंच्या संघटनेने संघमालकांशी पहिला सामूहिक करार केला आणि किमान वार्षिक वेतन 6,000 वरून 10,000 डॉलर झाले. त्याआधी अनेक खेळाडू हंगाम संपला की हिवाळाभर दुसरी नोकरी धरत. 1980 मध्ये पेन्शनची अट 43 दिवसांच्या सेवेवर आली. पण 1947 ते 1979 दरम्यान खेळून चार वर्षे न भरलेले त्यातून वगळले गेले. वर्षाला कमाल 10,000 डॉलरची मदत त्यांना मिळू लागली ती थेट 2011 मध्ये. अशा एखाद्या म्हाताऱ्याने सहीचे पाच-दहा डॉलर मागितले की नवखे संग्राहक नाक मुरडतात. मला त्यात काही वावगे दिसत नाही.

पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सहीला स्वभाव असतोच. 573 होमरन मारणारा हार्मन किलब्रू आडनावातले प्रत्येक अक्षर मोजता येईल अशी सही करी. मिनेसोटा ट्विन्सच्या टोरी हंटरसारख्या तरुणांनाही, नाव वाचता येईल असे लिहा, म्हणून तो बजावत असे. पिचर बॉब फेलरने तर इतक्या सह्या वाटल्या, की त्याची सही नसलेला चेंडूच दुर्मिळ, असा विनोद रूढ झाला.

खरी कसोटी अस्सल-नकलीची. सह्या रबरी शिक्क्याने उमटतात, ऑटोपेन नावाचे यंत्र करते, कधी सचिव किंवा ड्रेसिंगरूममधला पोऱ्या उरकतो. दोन सह्या एकावर एक ठेवून उजेडात धरा: रेघ न् रेघ जुळली तर यंत्राचा संशय घ्या, कारण माणसाला हुबेहूब तीच सही दोनदा जमत नाही. उलट, उतारवयातली थरथर पाहून सही खोटी ठरवण्याची घाई करू नका. बाजारातल्या लबाडीचा आवाका एफबीआयच्या 1990 च्या दशकातल्या ‘ऑपरेशन बुलपेन’ने दाखवला, जप्त मालात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचा बेसबॉलही निघाला!

म्हणून परत आलेले पाकीट फेकू नये. त्यावर पत्ता आपल्याच अक्षरात असतो, पण तारखेचा शिक्का टपालखात्याचा. शिक्क्यातले गाव मात्र पुष्कळदा छाननी केंद्राचे असते, खेळाडूचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कार्डावर निळे मार्कर पेन शोभते. चेंडूच्या चामड्यावर त्याची शाई फुटते, तिथे साधे बॉलपेन बरे. पत्र हाताने लिहिलेले, अर्ध्या पानाचे असावे, आणि त्या खेळाडूचा निदान एक सामना तरी आपण वाचून ठेवलेला असावा. महाराष्ट्रातून लिहिणाऱ्याची अडचण वेगळी: परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट चालत नाही, आणि पूर्वी सोयीची असलेली आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपने अमेरिकी टपालखात्याने 2013 पासून विकणे बंद केले. त्याच वर्षी निघालेले ‘ग्लोबल फॉरएव्हर’ तिकीट तिकडच्या कुणा नातेवाइकाकडून आधीच मागवून ठेवावे.