जमातीची घटना आणि खोजांचा खटला

वस्तीतली एखादी मुस्लिम जमात किंवा मंडळ आज नोंदवायचे म्हटले, की सभासद कोण, पदाधिकारी कसे निवडायचे, वार्षिक सभा कधी घ्यायची आणि हिशेब कोणापुढे ठेवायचा, हे कागदावर मांडावेच लागते. ही चौकट १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याने दिली, असा सर्वसाधारण समज आहे. पण मुंबईच्या खोजा जमातीचा इतिहास पाहिला, तर या चौकटीमागची मागणी कायद्याहून जुनी असल्याचे आढळते. ती जमातीच्या आतून, पैशाच्या वादातून पुढे आली. खोजांचा बराचसा वर्ग कच्छ-काठियावाडातून आलेल्या व्यापाऱ्यांचा. जमातखाना ही त्यांची एकत्र जमण्याची जागा, मुखी हा तिचा कारभारी आणि कामडिया हिशेबनीस. भाविक उत्पन्नाचा ठरावीक वाटा ‘दसोंद’ म्हणून देत आणि तो इमामाकडे, म्हणजे तेव्हा इराणात असलेल्या आगाखानांकडे, पोचवला जाई.

१८२९ साली काही कुटुंबांनी हा वाटा द्यायचे नाकारले. ‘बारभाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटाविरुद्ध आगाखानांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला गेला आणि पुढे तो मागे घेण्यात आला. मात्र जमातीने बारभाईंना बहिष्कृत केले आणि थकबाकी भरण्याच्या अटीवर १८३५ साली परत घेतले. १८४०च्या दशकात आगाखान स्वतः मुंबईत राहायला आल्यावर दूरची देणगी हा समोरासमोरचा अधिकार बनला आणि वाद पुन्हा भडकला. अखेर जमातीतल्या आगाखानविरोधी सुधारकांनी हायकोर्टात तीन गोष्टी मागितल्या. जमातीची मालमत्ता खोजांच्या धार्मिक व सार्वजनिक कामासाठीच असलेला विश्वस्तनिधी ठरवावी, मुखी व कामडिया यांच्याकडून हिशेब घेऊन त्यांच्या वेळोवेळी होणाऱ्या नेमणुकीची योजना आखावी, आणि आगाखानांना कारभारात हस्तक्षेप करू देऊ नये. निधी कोणाचा, पदाधिकारी कोणाला जबाबदार आणि त्यांना नेमणार कोण, हे कोणत्याही घटनेला सोडवावे लागणारे प्रश्न त्या दाव्यात स्पष्टपणे मांडले गेले.

यावर पहिला आक्षेप असा, की हा मुळात पंथाचा वाद होता, कारभाराचा नव्हे. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनीही १८६६च्या निकालात पंथाचाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. खोजा हे शिया इमामी इस्माइली, आगाखान त्यांचे वंशपरंपरागत इमाम, आणि त्यांना न मानणाऱ्याला जमातीच्या मालमत्तेत वाटा नाही, असे त्यांनी ठरवले. पण पंथाचा मुद्दा निर्णायक ठरला, तो तिजोरीचा हक्क सभासदत्वावर अवलंबून होता म्हणूनच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुधारक हरले, मग त्यांचा वारसा कसला? त्याचे उत्तर पुढच्या घडामोडींत मिळते. इमामाला न मानणाऱ्या खोजांनी सुन्नी आणि इस्ना अशरी अशा वेगळ्या जमाती उभ्या केल्या. जिंकलेल्या बाजूलाही लेखी नियमांची गरज भासली आणि १९०५ साली झांझिबारमध्ये इस्माइली कौन्सिलची नियमावली निघाली. तिच्यात अंतिम अधिकार इमामाकडेच होता. पण कारभार नुसत्या रूढीवर न चालता छापील नियमांनी चालावा, हे मान्य झाले होते.

तरी एक प्रश्न उरलाच. बारभाईंवरचे खरे हत्यार दंडाचे नव्हते, बहिष्काराचे होते. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून सभासदाला काढणे हा पंथाचा अंतर्गत मामला आहे, हा त्यामागचा विचार. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि १९६२च्या निकालाचा फेरविचार २०२३ साली मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. न्यायालय काहीही ठरवो, नवे मंडळ स्थापणाऱ्यांना खोजांच्या वादातून एक व्यावहारिक निष्कर्ष काढता येतो. निवडणुकीचे आणि हिशेबतपासणीचे कलम कितीही चोख असले, तरी हिशेब मागणाऱ्यालाच बाहेर काढता येत असेल तर ते निरुपयोगी ठरते. म्हणून सभासदत्व कोणत्या कारणाने, कोणाच्या मताने आणि कोणाचे म्हणणे ऐकून संपवता येईल, हे कलम घटनेत खजिनदाराच्या कलमाआधी लिहायला हवे.