नोएडाच्या गोल्फ कोर्सवरची वसई

दिल्लीला पोस्टिंग आली की मराठी अधिकारी पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी पानिपतला जाऊन येतो. काला आमपाशी उभा राहतो, बरोबर आई-वडील असतील तर त्यांना सदाशिवरावभाऊंची हकीकत सांगतो आणि परतताना मुरथलला पराठे खातो. मीही हे सगळं केलं. पण पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे दिल्लीत परत आले होते, हे आपण विसरतो. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, पुढच्या वर्षी शाह आलमला तख्तावर आणून बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्या बादशहाचे डोळे काढल्यावर पुन्हा शिंद्यांच्याच फौजेने येऊन लाल किल्ला ताब्यात घेतला. दिल्ली मराठ्यांच्या हातून कायमची गेली ती १८०३ मध्ये, आणि ती जागा पानिपताच्या बरोबर उलट दिशेला, यमुनेपलीकडे आहे. नोएडा, सेक्टर ३८, गोल्फ कोर्सच्या आत.

तिथे इंग्रजांनी उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या जागेजवळ दिल्लीची लढाई झाली, जनरल जेरार्ड लेकच्या फौजेने मराठ्यांना हरवलं, एवढाच मजकूर. मराठ्यांच्या बाजूने नाव आहे ते लुई बुर्केंचं. म्हणजे आपल्या पराभवाच्या दगडावरसुद्धा नाव फ्रेंच माणसाचं! पेराँ निघून गेला होता, बरेच युरोपियन अधिकारी फुटले होते, कवायती पलटणी आणि तोफा मात्र जागेवर होत्या. लेकने घोडदळ मागे खेचून पळ काढल्याचा देखावा केला, शिंद्यांचं पायदळ मजबूत जागा सोडून पाठलागाला उतरलं आणि घोडदळ बाजूला सरताच समोर इंग्रजी संगिनी आल्या. जुनाच डाव आहे, खडकवासल्याला आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवला होता. समोरचा पळताना दिसला की जागेवर थांबायचं. पण धूर, आरडाओरडा आणि फुटलेले अधिकारी अशा वेळी हे कोण कोणाला सांगणार?

मी स्तंभाभोवती फिरत होतो तेव्हा एका कॅडीने लांबून विचारलं, "साहब, बॉल ढूँढ रहे हैं क्या?" मी म्हटलं, नाही, वसई शोधतोय. तो हसला आणि गेला. पण मी थट्टा करत नव्हतो.

कारण या लढाईचं मूळ वसईत आहे. आणि वसईच्या इतिहासाचे कागद एकामागून एक लावले, तर दर वेळी पाठीमागे दिल्ली दिसते. रेल्वेने तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर. एक समुद्रकाठचं शहर, एक समुद्र कधीच न पाहिलेलं.

माझी मावशी वसईची. लहानपणी मे महिन्याची सुट्टी तिथे जायची. केळीच्या बागा, विहिरीत डुंबणं, डब्यातली सुकेळी, आणि संध्याकाळी किल्ला. तेव्हा किल्ला म्हणजे आमच्यासाठी लपाछपीची जागा. छप्पर नसलेली चर्चं, भिंतींतून फुटलेली वडाची झाडं, फरशीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. तो किल्ला नसून तटबंदीच्या आतलं अख्खं शहर होतं, हे मला कमिशन मिळाल्यानंतर पहिल्या रजेत गेलो तेव्हा कळलं.

पहिला कागद २३ डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाला वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख लिहून दिला. तह झाला तो 'साओ मातेउस' या गलबतावर. सुलतानाला एवढी उदारता सुचली, कारण दिल्लीचा हुमायून त्याच्या पाठीवर बसला होता. ज्या हुमायूनने आदल्याच वर्षी दिल्लीत दीनपनाहचं, म्हणजे आजच्या पुराना किल्ल्याचं, काम काढलं होतं. माझं ऑफिस तिथून फार दूर नाही. उत्तरेकडून मोगल येतोय म्हणून दक्षिणेकडच्या फिरंग्याला किनारा द्यायचा, असा तो हिशेब. त्या मुलखात सात बेटांची मुंबईही होती, पण तिला तेव्हा कोण विचारत होतं! मोठी होती ती वसई.

पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ही राजधानी. दहा बुरुजांची तटबंदी, एक जमिनीकडचा दरवाजा, एक समुद्राकडचा, आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा पंथांची आपापली चर्चं. जवळच्या आगाशीला जहाजं बांधली जात. वसईचा काळा दगड गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागावर कोरीवकाम दिसतं, तो बसाल्ट वसईकडचाच. इथेच जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. आणि हे सगळं पोर्तुगीजांपासून सुरू झालं असंही नाही. शेजारचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. आज विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

पोर्तुगीज अमलाची दुसरी बाजूही होती. देवळं पाडली गेली, धर्माचा जाच झाला, वतनदार नाडले गेले. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं वर्षानुवर्षं पुण्याकडे डोळे लावून होती. १७३७ मध्ये साष्टी आणि ठाणं पडलं. ठाण्याचा किल्ला तेव्हा अजून बांधूनही पुरा झाला नव्हता. वसई राहिली.

मग आलं १७३९. या वर्षाबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

जानेवारीत तारापूर पडलं. तिथे बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. त्याच फेब्रुवारीत इकडे कर्नाळला नादिरशहाने मोगल फौज उधळून लावली. बाजीराव खानदेशात. नादिर दक्षिणेकडे वळला तर त्याला चंबळेवर गाठायचं, असा त्यांचा विचार. पण गाठायचं कशाने? मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, चांगली फौज सगळी वसईच्या वाळूत अडकलेली. वेढा उठवून उत्तरेला धावायचं की हातातलं काम पुरं करायचं? नकाशावर हा प्रश्न सोपा वाटतो. ज्याने मोर्चे पुढे सरकवलेत आणि माणसं पुरली आहेत, त्याला विचारा. अप्पांनी वेढा उठवला नाही.

२२ मार्चला दिल्लीत कत्तल झाली. चांदनी चौकात शीशगंज गुरुद्वाऱ्याला लागून असलेल्या सुनहरी मशिदीत नादिर बसला आणि खाली त्याचे सैनिक गल्ल्यागल्ल्यांतून माणसं कापत गेले. मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. लहानशी मशीद आहे, तिचे घुमट शोधावे लागतात, खाली ई-रिक्षांची कोंडी.

त्या वेळी वसईत मराठ्यांचं काय चाललं होतं? खंदक खणणं. वसईला तीन बाजूंनी समुद्र आणि खाडी. जमिनीवरून जायला फक्त उत्तरेची पट्टी, तीही वाळूची. सह्याद्रीतले किल्ले घेणं वेगळं. तिथे रात्री कडा चढता येतो, कोणी फितवता येतो. वसईचे बुरुज कोनाकोनाचे, प्रत्येक बुरुज शेजारच्याच्या तोंडावर मारा करू शकतो. अंधारा कोपरा नाही. अशा तटाला एकच उपाय, जमिनीखालून जाऊन सुरुंग लावणं, आणि आपल्या फौजेला त्याची सवय थोडी. वरून तोफगोळे, हातगोळे, जळते ओंडके. वाळूत खणलेला मोर्चा रात्री ढासळतो, सकाळी पुन्हा खणायचा. वेळ संपत आला की कामाला लागतो तो सॅपर, हे सैन्यातलं जुनं वाक्य मला त्या उत्तरेच्या तटापाशी नेहमी आठवतं.

मेच्या सुरुवातीला पावसाळा डोक्यावर आला. अप्पांनी म्हणे सरदारांना सांगितलं की किल्ला घेता येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत उडवा. ही गोष्ट बखरीची, पण सेनापतीची घालमेल तिच्यात आहे. शेवटी सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले. काही वेळेवर उडाले, लोक खिंडारात घुसले, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपलेच लोक गाडले गेले. तरी पुन्हा घुसले. दोन दिवस बुरुजावर हातघाई चालली. १६ मे रोजी किल्लेदार कायतान द सौझ परेराने तह मागितला. नादिरशहा मयूरासन घेऊन दिल्लीतून बाहेर पडला तोही त्याच मे महिन्याच्या मध्यावर.

ग्रँट डफ मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर सांगतो, पोर्तुगीजांचे आठशे. अशा हल्ल्यानंतर सैनिकांना आवरणं किती अवघड असतं, हे सैन्यात असलेल्याला समजावून सांगायला नको. म्हणून मला त्या तहाची कलमं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. गॅरिसनने हत्यारांसह, झेंडे फडकावत, नगारे वाजवत बाहेर पडावं. ज्यांना कुटुंब-मालमत्तेसह जायचं त्यांना आठ दिवसांची मुदत. जे राहतील त्यांना धर्माची मोकळीक, तीन चर्चं चालू राहतील. आणि २३ मेला ते खरोखर तसे बाहेर पडले. मुंबईकर इंग्रजांनी त्यांना उसने पैसे दिले होते, चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. शेजारधर्म!

नेल्या त्या चर्चच्या घंटा. विजयाची निशाणी म्हणून त्या देशावर आल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची आहे, मेरी आणि बाळ येशूचं चित्र असलेली. आपल्या मेसच्या हिरवळीवर जिंकलेल्या तोफा ठेवतो, तसंच हे. फरक इतकाच की आपल्या तोफा मुक्या आहेत आणि या घंटा अजून वाजतात.

बाजीराव पुढच्याच एप्रिलमध्ये गेले, अप्पा त्याच वर्षी डिसेंबरात. तेहतिशीच्या आसपासचं वय. त्यांनी जिंकलेल्या वसईवर मग घरातल्याच माणसाने पहिली सही केली. राघोबादादांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात पेशवेपदाच्या मदतीसाठी साष्टी आणि वसई इंग्रजांना कबूल केली. १७८० मध्ये गॉडर्डने वसई लढून घेतली. सालबाईच्या तहात ती परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच.

आणि मग शेवटचा कागद. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव, पुण्याहून निघाला तो कोकणात उतरला, महाड, सुवर्णदुर्ग करत समुद्रमार्गाने डिसेंबरात वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने कर्नल बॅरी क्लोजच्या कागदावर सही केली. सहा हजारांची इंग्रजी तैनाती फौज, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडला, परराज्यांशी बोलणं इंग्रजांना विचारून. ज्या गावाच्या खिंडारात त्रेसष्ट वर्षांपूर्वी चुलत आजोबांची माणसं गाडली गेली, त्याच गावात. मला त्या पळपुट्या पेशव्याचा राग येतो, पण यशवंतरावांना आणि दौलतरावांना एकत्र आणू न शकलेल्या बाकी सगळ्यांचा काही कमी येत नाही.

शिंद्यांना तो तह मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं, ४ सप्टेंबरला अलीगढ पडलं, ११ सप्टेंबरला लेक यमुनेकाठी पोचला. आठ महिने आणि अकरा दिवसांत वसईची शाई नोएडापर्यंत आली. आंधळा शाह आलम, जो शिंद्यांच्या संरक्षणात होता, तो आठवडाभरात लेकच्या संरक्षणात गेला.

मागच्या रजेत वसईला गेलो होतो. किल्ल्यात चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, समोर प्री-वेडिंग फोटो काढणारी जोडपी. किल्लाबंदरला कोळणी बोंबील वाळवत होत्या. मावशीचे शेजारी सामवेदी ख्रिश्चन, त्यांच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची पुस्तकं कपाटात मराठी भागवताशेजारी. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर याच वसईचे. तहातली ती तीन चर्चं चालू राहिली, त्याचं हे पुढचं पान म्हणायला हरकत नाही.

दिल्लीत असाल किंवा आर्मी हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी येणार असाल, तर एक सकाळ नोएडाला काढा. जागा गोल्फ कोर्सच्या आत असल्याने गेटवर आधी विचारावं लागतं. खेळणाऱ्यांना आडवं जाऊ नका, आणि कॅडीने विचारलं तर बॉल शोधत नाही म्हणून सांगा.