पोळांतील अहमदाबाद

अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या अहमदाबादचा इतिहास बहुधा मशिदी, दरवाजे आणि राजवटी यांच्या आधारे सांगितला जातो. नगरजनांचे नित्यजीवन मात्र आकारास आले ते पोळांमध्ये. पोळ म्हणजे एका दरवाजाआड दाटीने वसलेली, पुष्कळदा एकाच जातीची वा व्यवसायाची वस्ती. रात्री दरवाजा बंद होई. संकटकाळी शेजारच्या पोळेत निघणाऱ्या, परक्यांना अज्ञात असलेल्या वाटा उपयोगी पडत. १७५८ नंतर पेशवे आणि गायकवाड यांनी शहराची सत्ता वाटून घेतली, १८१८ पर्यंत ती इंग्रजांकडे गेली. पोळेची चौकट मात्र टिकून राहिली.

या घरांचे खरे वैभव रस्त्यावरून दिसत नाही. कोरीव लाकडी दर्शनी भागामागे चौक असतो आणि चौकाखाली ‘टांका’. छपरावरचे पावसाचे पाणी नळाने या टाक्यात साठविले जाई व पुढील पावसाळ्यापर्यंत पिण्यास वापरले जाई. बाहेर, वस्तीच्या मोकळ्या जागेत, पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उंच ‘चबुतरा’ उभारलेला असे. पाखरांसाठी मुक्त असलेली ही वस्ती परजातीच्या माणसाला मात्र सहजी प्रवेश देत नसे. आपुलकी आणि बहिष्कार यांचे रक्षण एकच दरवाजा करीत होता.

२०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. तत्पूर्वीच अनेक कुटुंबे साबरमतीपलीकडे राहावयास गेली होती. कोरीव खांबांचे जतन कायद्याने होऊ शकते. टांके पुन्हा भरावयाचे, तर त्या घरांत माणसे राहिली पाहिजेत.