आईचे दूध आणि आईचा वेळ

वाचकहो, आईच्या दुधाला पैसा पडत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. दुधाला पडत नाही हे खरे. पण पाजायला वेळ लागतो. तो वेळ कष्टकरी बाईला कधी आणि कसा मिळाला, याला मोठा इतिहास आहे.

रायगडची हिरकणी गवळण तुम्हाला ठाऊकच आहे. कोजागिरीला ती गडावर दूध घालायला गेली, सांजेला दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ. तेव्हा अंधारात कडा उतरून ती घरी पोचली. ही लोकांनी जपलेली कथा. तिला पक्क्या कागदाचा आधार नाही. पण बुरूज तिच्या नावाचा आहे, आणि एसटी स्थानकांत बाळाला पाजण्यासाठी राखलेल्या खोलीलाही ‘हिरकणी कक्ष’च म्हणतात. तिच्या धाडसाचे आपण कौतुक करतो. दरवाजा का उघडला नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही!

आता घरातली गोष्ट. गाय व्याली की चिकाचा खरवस वाटीवाटीने शेजारी जातो. बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून टाकीत नि बाळाला मध चाटवीत. याला निव्वळ अडाणीपणा म्हणू नये. सुश्रुतसंहितेतही पहिल्या दिवसांसाठी मध-तूप सांगितले आहे. पण आजचे वैद्यक ठाम आहे: हा पिवळसर चीक रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला असतो. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला पाजावे, सहा महिने दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक पाजीत राहावे. मध तर वर्षाच्या आत नकोच. आईचाही यात लाभ आहे. पाजल्याने गर्भाशय आकसते, रक्तस्राव कमी होतो, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका पुढे घटतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली, ती आशियातली पहिली.

पण ज्या आईला कामावरून उठताच येत नाही, तिने काय करावे? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. क्रूरपणा नव्हे हो, नाइलाज! २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. देशव्यापी कायदा १९६१ चा. मूल पंधरा महिन्यांचे होईतो कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या त्याने दिल्या. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली.

हे सारे बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावी कितपत पोचले? १९२९ साली आपला मुलूख निजामाच्या राज्यात, म्हणजे मुंबईचा कायदा येथे लागूच नव्हता. पुढे देशाचा कायदा आला, तो कारखाना, खाण, मळा, दुकान डोळ्यांपुढे ठेवून. ऊसतोडीची रीत निराळी. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरायचा. मजुरी टनावर. दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे नि कर्नाटकाकडे निघतात. बाळंतीण झालेली बाईही थोड्याच दिवसांत फडात उतरते. बाळ बांधाला, चिपाडाच्या सावलीत, नाहीतर कोपीवर असते. मोळी बांधून गाडी भरेपर्यंत त्याला भुकेले राहावे लागते.

त्याला सांभाळायला कोण असते? बहुधा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. गुरुजी, दिवाळीनंतर हजेरीपटावर जिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहावे लागते, ती पुष्कळदा हीच मुलगी असते.