सोने वर आणणारे पाणी

गिरगावाला लागून असलेल्या झवेरी बाजारात सराफांच्या पेढ्यांभोवतीची धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी अनेकांनी पाहिले असतील. विखुरलेले सोने पाण्याच्या मदतीने गोळा करायचे, हा त्यांचा व्यवसाय. निसर्गातही सोन्याचे बहुतेक साठे पाण्यानेच गोळा केले आहेत. फरक इतकाच, की ते पाणी अतिशय तप्त असते आणि सोने त्यात चक्क विरघळलेले असते.

भूकवचात सोने सर्वत्र आहे. परंतु एक टन खडकात सरासरी अवघे काही मिलिग्रॅम. खाण परवडण्यासाठी ते टनामागे साधारण ग्रॅमभर हवे. एवढे सोने एका जागी आणले कोणी?

फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातील व्हेर्नर यांनी १७९१ मध्ये सांगितले, की आदिसागराचे पाणी वरून भेगांत उतरले आणि त्यातून धातूंच्या शिरा साचल्या. एडिंबरोचे हटन यांच्या मते शिरांतील द्रव्य खालून, वितळलेल्या स्थितीत घुसले होते. १८४७ मध्ये फ्रान्सच्या एली द बोमाँ यांनी तिसरा विचार मांडला : थंड होणाऱ्या शिलारसातून निघणारी वाफ व पाणीच धातू वर आणते. १८५८ मध्ये सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून स्फटिकांत अडकलेले द्रवाचे थेंब अभ्यासले. थेंबातला बुडबुडा म्हणजे गरम असताना कोंडलेला द्रव थंड होऊन आकसल्याची खूण, हे त्याने दाखवले.

हे घडते कसे? शिलारसात पाणी, क्लोरीन व गंधक विरघळलेले असतात. शिलारस वर येऊन गोठू लागला, की बनणाऱ्या स्फटिकांत त्यांना फारशी जागा मिळत नाही. ते वेगळे होऊन बाहेर पडतात. सोने साध्या आम्लाला दाद देत नाही, त्यासाठी अम्लराज लागते, हे आपण शिकवतो. अम्लराजात क्लोराइड सोन्याला द्रावणात धरून ठेवते. जमिनीखालीही क्लोराइड किंवा गंधकाची संयुगे हेच काम करतात. पुढे दाब घटून पाणी उकळले, गंधकाचा वायू निसटला, की निराधार झालेले सोने भेगेत गारगोटीबरोबर साचते.

लिंडग्रेन यांनी १९१३ मध्ये तापमान व खोलीनुसार साठ्यांचे वर्गीकरण केले. मात्र १९७०च्या दशकात समस्थानिकांच्या मोजमापांवरून दिसले, की उथळ साठ्यांतले बरेचसे पाणी पावसाचे होते! मग शिलारस ही केवळ चूल होती काय? २००६ मध्ये पापुआ न्यू गिनीतील लिहीर बेटावरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे खोलवरच्या, शिलारसातून आलेल्या खारट पाण्याच्या दर अब्ज भागांत सुमारे १५ भाग सोने आढळले. म्हणजे पाणी पावसाचे मिसळले, तरी सोने शिलारसाचे असू शकते.

मग मलबार हिलच्या काळ्या पाषाणात सोन्याची खाण का नाही? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या लाव्हारसात मुळात पाणी कमी होते, आणि तो भूपृष्ठावर पसरल्याने वायू हवेत निघून गेले. नंतर पोकळ्यांत शिरलेल्या कोमट पाण्याने झिओलाइट व गारगोटीचे सुंदर स्फटिक घडवले, पण सोने नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा सापडल्या त्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या, याहून कितीतरी प्राचीन खडकांत.

तरीही प्रत्येक खाणीचे श्रेय शिलारसाला देऊ नये. २००१ मध्ये बंद झालेल्या कोलारच्या खाणीतले सोने आणणारे पाणी, दाब व उष्णतेने रूपांतर होणाऱ्या खडकांतूनच मुख्यतः निघाले असावे, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात.

वर्गात एक गणित जरूर द्यावे. लिहीरला पाण्याबरोबर वर्षाला सुमारे २४ किलो सोने वर येते. तेथील सुमारे १,३०० टनांचा साठा व्हायला किती वर्षे लागतील? उत्तर येते पंचावन्न हजारांच्या आसपास. भूशास्त्राच्या घड्याळात हा काळ क्षणाएवढाच आहे, हे विद्यार्थ्यांना तेव्हा आपोआप कळेल.