भाभाट्रॉन

कर्करोगाच्या बाह्य किरणोपचारासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले संगणक-नियंत्रित टेलिकोबाल्ट यंत्र. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत त्याचा प्रारंभी वापर झाला. अशा यंत्रांत किरणोत्सारी स्रोत म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० ने रुग्णोपचार कॅनडात १९५१ मध्ये सुरू झाले होते.

कोबाल्ट-६० मधून १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. उपचारावेळी स्रोत कवचातील सुरक्षित जागेतून किरणद्वारासमोर येतो आणि ठरलेली वेळ संपताच मागे जातो. स्रोताचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे असल्याने किरणमात्रेचा दर दरमहा सुमारे १ टक्का घटतो. म्हणून उपचाराचा कालावधी सतत नव्याने काढावा लागतो. हे गणित चुकले, तर मात्राही चुकते.

या यंत्राच्या भाभाट्रॉन–२ या आवृत्तीत किरणक्षेत्र आखणाऱ्या समांतरकाचे जबडे मोटरने हलतात. स्रोत मध्येच अडकल्यास ते आपोआप मिटतात. वीज गेल्यास यंत्र बॅटरीवर चालते. त्यामुळे उपचारात खंड पडत नाही. रेषीय त्वरक या किरणोपचाराच्या दुसऱ्या यंत्राच्या तुलनेत याची वीज व देखभालीची गरज कमी असते; मात्र किरणक्षेत्राच्या कडा तितक्या रेखीव नसतात, शिवाय किरणोत्सारी स्रोत ठरावीक काळाने बदलावा लागतो. भारताने हे यंत्र व्हिएतनामलाही भेट दिले आहे.