मायनर लीगमधून शिखराकडे : फर्नांडो व्हॅलेन्झुएला

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये ‘मेजर लीग’ हे शिखर मानले जाते आणि तेथे पोहोचण्याची वाट ‘मायनर लीग’मधून जाते. प्रत्येक मोठ्या क्लबशी लहान शहरांतील काही संघ संलग्न असतात. सिंगल-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा त्यांच्या चढत्या श्रेणी आहेत. आपल्याकडील रणजी संघांप्रमाणे ते एखाद्या राज्याचे प्रतिनिधित्व करत नाहीत. खेळाडू करारान्वये क्लबशी बांधलेला असतो आणि त्याला वरच्या श्रेणीत केव्हा न्यायचे, याचा निर्णय क्लबच घेतो. बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द या वाटेवरच संपते. मेक्सिकोतील डावखुरा पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएला याने मात्र ही चढण अवघ्या सव्वा वर्षात पार केली.

एत्चोवाकिला ते सॅन अँटोनियो

मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातील एत्चोवाकिला या खेड्यात १ नोव्हेंबर १९६० रोजी फर्नांडोचा जन्म झाला. शेतकरी कुटुंबातील बारा भावंडांत तो सर्वांत धाकटा. १९७८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचे गुणशोधक माइक ब्रिटो मेक्सिकोत आले होते, ते दुसऱ्याच एका खेळाडूची पारख करण्यासाठी. परंतु त्यांची नजर खिळली ती प्रतिस्पर्धी संघाच्या किशोरवयीन पिचरवर. जुलै १९७९ मध्ये डॉजर्सने त्याचा करार १ लाख २० हजार डॉलरना विकत घेतला आणि त्याला कॅलिफोर्नियातील लोडाय येथील सिंगल-ए संघात पाठवले.

तेथे त्याची सुरुवात चांगली झाली. तथापि, त्याच्या चेंडूला विलक्षण वेग नव्हता. वरच्या श्रेणीतील बॅटरना चकवायचे, तर भात्यात आणखी एखादे अस्त्र हवे, असे क्लबला वाटत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉजर्सचा पिचर बॉबी कॅस्टिलो याने त्याला ‘स्क्रूबॉल’ शिकवला. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा ‘कर्व्हबॉल’ उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरच्या दिशेने आत येतो. स्क्रूबॉल त्याच्यापासून दूर पळतो. क्रिकेटच्या भाषेत याला गुगलीचा दूरचा नातलग म्हणता येईल. फरक इतकाच, की हा चेंडू टप्पा न पडता हवेतच वळतो. त्यासाठी मनगट नेहमीच्या उलट दिशेने फिरवावे लागते. म्हणूनच हे कौशल्य साध्य करणारे पिचर थोडेच.

१९८० मध्ये सॅन अँटोनियोच्या डबल-ए संघाकडून फर्नांडोने १३ सामने जिंकले आणि १६२ बॅटरना ‘स्ट्राइकआऊट’ केले. सप्टेंबरमध्ये, ट्रिपल-ए श्रेणीत न खेळताच, तो थेट डॉजर्सच्या संघात दाखल झाला. त्या महिन्यात त्याने १७ पूर्णांक दोन तृतीयांश डाव टाकले. त्यांत त्याच्या खात्यावर एकही ‘अर्न्ड रन’ जमा झाला नाही. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

‘फर्नांडोमेनिया’

९ एप्रिल १९८१ रोजी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात नियोजित पिचर जेरी रॉइस जायबंदी झाल्याने चेंडू फर्नांडोच्या हाती आला. त्याने ह्यूस्टन अॅस्ट्रोजला एकही धाव करू दिली नाही. डॉजर्स २-० ने जिंकले. या सामन्यासह त्याने सलग आठ सामने जिंकले आणि त्यांपैकी पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला धावेपासून पूर्णपणे वंचित ठेवले. स्थूल बांध्याचा, चेंडू फेकताना क्षणभर आकाशाकडे पाहणारा आणि इंग्रजी न येणारा हा तरुण अमेरिकेच्या कुतूहलाचा विषय ठरला. स्पॅनिश समालोचक हायमे हारिन त्याचे दुभाषी झाले.

या लाटेमागे एक जुनी जखमही होती. डॉजर्सचे स्टेडियम ज्या शॅवेझ रॅव्हिन भागात उभे आहे, तेथे पूर्वी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. सार्वजनिक गृहप्रकल्पाच्या नावाखाली १९५० च्या दशकात ती हटवण्यात आली. प्रकल्प रद्द झाला आणि जमीन बेसबॉल क्लबला मिळाली. १९५९ मध्ये अखेरच्या कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढले. १९६२ मध्ये स्टेडियम खुले झाले, तरी शहरातील अनेक मेक्सिकन कुटुंबांच्या मनातील कटुता कायम राहिली. फर्नांडो खेळू लागला आणि त्याच स्टेडियममध्ये मेक्सिकन प्रेक्षकांची गर्दी लोटली. अन्याय त्यामुळे पुसला गेला नाही. मात्र तेथे आपलाही एक माणूस आहे, ही भावना रुजली.

त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम खंडित झाला. तरीही सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा आणि सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ असे दोन्ही पुरस्कार फर्नांडोला मिळाले. एकाच हंगामात हा दुहेरी मान मिळवणारा तो एकमेव पिचर आहे. वर्ल्ड सीरिजमध्ये न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध डॉजर्स ०-२ असे मागे पडले असताना त्याने तिसऱ्या सामन्यात १४७ चेंडू टाकून विजय खेचून आणला. पुढे ती मालिका डॉजर्सनेच जिंकली.

यशाची किंमत

१९८२ ते १९८७ या सहाही हंगामांत त्याने प्रत्येकी २५० हून अधिक डाव टाकले. आज कोणताही क्लब तरुण पिचरवर एवढा भार टाकत नाही. १९८८ मध्ये खांद्याने दगा दिला. २९ जून १९९० रोजी त्याने सेंट लुइस कार्डिनल्सला एकही ‘हिट’ मिळू दिली नाही, परंतु पुढच्याच वर्षी डॉजर्सने त्याला करारमुक्त केले. २००३ पासून तो स्पॅनिश समालोचक म्हणून पुन्हा क्लबशी जोडला गेला. सहसा ‘हॉल ऑफ फेम’मधील खेळाडूंसाठीच राखलेला मान त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाला : त्याचा ३४ क्रमांक डॉजर्सने कायमचा निवृत्त केला. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

दृष्टिक्षेपात

मेजर लीग कारकीर्द : १९८० ते १९९७
विजय-पराजय : १७३-१५३
स्ट्राइकआऊट : २,०७४
ऑल-स्टार निवड : सलग सहा वेळा (१९८१ ते १९८६)